परवानाधारक गेल्यावर बंदूक कुठे जमा करावी: पोलीस ठाणं की शस्त्रविक्रेता?

घरातली परवानाधारक व्यक्ती गेली की बंदूक कोणाच्या नावावर होणार याची चर्चा सुरू होते आणि ती महिनोन्‌महिने चालते. पण त्याआधी एक निर्णय लगेच घ्यावा लागतो: तोवर ती ठेवायची कुठे? परवाना गेलेल्या माणसाचा होता. तो गेल्यावर घरात कोणालाही ती बाळगण्याचा अधिकार उरत नाही. परवान्यावर मुलाचं नाव रिटेनर (परवानाधारकाच्या वतीने शस्त्र बाळगणारा) म्हणून असलं तरी त्या नोंदीवर विसंबू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम २१ सांगतं की विनाकारण विलंब न करता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. (वारस सैन्यात असेल तर युनिटच्या शस्त्रागारातही चालतं.) तेरावं होईपर्यंत थांबायचं असेल तर निदान ठाण्याला लेखी कळवून पोच घ्या, आणि बंदूक कोणी, कशी आणायची हे त्यांनाच विचारा. रिकामी, शक्य असेल तर सुटी केलेली, सोबत मूळ परवाना आणि मृत्यूदाखला, इतकं तर हवंच.

ठाण्याच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. भाडं द्यावं लागत नाही, किंवा असलं तर नगण्य. सरकारी दप्तरात तारखेसह नोंद होते, त्यामुळे ‘इतके दिवस कुठे होती?’ हा प्रश्न पुढे कोणी विचारत नाही. वारसाच्या अर्जावर अहवाल बहुधा त्याच ठाण्याकडून जातो, म्हणून चौकशीला येणाऱ्या अंमलदाराला शस्त्र शोधायला बाहेर जावं लागत नाही. एकनळी, हिंदुस्थानी बनावटीची, बाजारात फारशी किंमत न येणारी बंदूक असेल तर ठाणंच बरं. विक्रेत्याचं महिन्याचं भाडं दीड-दोन वर्षं भरत राहिलात तर तो आकडा बंदुकीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो.

आणि प्रकरण रेंगाळतं, हे पुण्यात गृहीतच धरा. शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ मध्ये वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. ‘तुम्हाला शस्त्राची गरज काय?’ ही कसोटी त्यात नव्या अर्जदाराइतकी कडक नाही. मात्र वय २१ पूर्ण हवं, पोलीस अहवाल स्वच्छ हवा, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. अर्ज नमुना ए-१ मध्ये करायचा. अडकतं ते बाकीच्या वारसांच्या ना हरकत प्रतिज्ञापत्रांवर. आई, भाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, सगळ्यांची लागतात. एक भाऊ अमेरिकेत असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित होऊन येईपर्यंत इकडची फाइल जागची हलत नाही. शिवाय पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं झालं. जुन्या परवान्यावर पुणे शहराचा शिक्का आणि घर निगडीत असेल तर मूळ फाइल कुठे आहे याची विचारणा पहिल्या आठवड्यातच करा. ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी कार्यालय.

इतका काळ बंदूक पडून राहणार, म्हणून तिची अवस्था काय होते यावर माझा कौल विक्रेत्याच्या बाजूने ठरला. ठाण्याला नावं ठेवण्याचा हेतू नाही. ठाण्यातली कोठाराची खोली, म्हणजे मालखाना, शस्त्रं जपण्यासाठी बांधलेला नसतो, मुद्देमाल सांभाळण्यासाठी असतो. दारूच्या बाटल्या, जप्त केलेल्या सायकली, गोण्या, त्यात तुमची दुनाळी भिंतीला टेकवलेली. निवडणुका जवळ आल्या की आणखी जमा झालेल्या बंदुका तिच्यावर येऊन पडतात. जून ते सप्टेंबर ती भिंत ओल धरते. मुद्देमाल कारकुनाने तेल लावावं ही अपेक्षाच चुकीची, ते त्याचं काम नाही.

दोन पावसाळे मालखान्यात काढून परत आलेल्या बंदुका मी हातात घेतल्या आहेत. मोजमाप केलेलं नाही, पण चित्र साधारण सारखंच दिसलं. बाहेरचा लालसर गंज तेल आणि बारीक लोखंडी लोकरीने निघतो, त्याची काळजी करू नका. नळीच्या आत, काडतूस बसतं त्या खोबणीच्या पुढे, जे बारीक खड्डे पडतात ते निघत नाहीत. घासून काढायचे तर नळीची भिंत पातळ होते, आणि पातळ भिंतीची बंदूक उडवणं धोक्याचं. त्यातून कातडी म्यानासकट जमा केली असेल तर आणखी वाईट: कातडं ओल धरून ठेवतं आणि ते कमावताना वापरलेली आम्लं पोलादाला खातात. ज्या बाजूने म्यान चिकटलेलं, त्या बाजूला पट्टाच उमटतो. गेल्या पिढीने खंडेनवमीला झेंडू वाहून पुजलेली बंदूक अशी परत येते, तेव्हा फार वाईट वाटतं.

चांगला विक्रेता ती साफ करून, हलकं तेल देऊन ठेवतो आणि मधूनमधून बघतो. त्याच्याकडे ठेवताना नळीचं तोंड खाली ठेवायला सांगा. दस्ता खाली असला तर तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात, लोखंड जिथे बसतं नेमकं तिथे मुरतं. लाकूड मऊ होतं आणि पुढे धक्क्याने तडकतं. घोड्याच्या स्प्रिंगा ताणलेल्या राहू नयेत म्हणून नकली काडतुसं घालून चाप ओढून ठेवतात. हेही सांगून ठेवावं.

विक्रेत्याचेही तोटे आहेत. सगळ्यांना सुरक्षित ठेवीची परवानगी नसते, म्हणून त्याच्या परवान्यात ती मुभा आहे का हे आधी बघा. काही जण ठेवीच्या निमित्ताने ‘मलाच देऊन टाका’ म्हणून कमी भाव सुचवतात. त्याचा स्वतःचा परवाना नूतनीकरणात अडकला तर तुमची बंदूक पुन्हा हलवावी लागते. म्हणून पावतीवर पैसा आणि वेळ दोन्ही खर्च करा. बनावट, बोअर (नळीचा आतला व्यास), नळीची लांबी, दोन्ही नळ्यांवरचा आणि मधल्या लोखंडी भागावरचा क्रमांक, काडतुसांची संख्या, महिन्याचं भाडं, आणि नळ्यांच्या आतल्या अवस्थेबद्दल एक ओळ हवीच. फोटो काढा. क्रमांक जुन्या परवान्याशी ताडून बघा. हाताने लिहिलेल्या परवान्यात ३ चा ८ झालेला सापडला तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्या, परवाना नावावर होताना नाही. पावतीची एक प्रत ठाण्यात आणि एक परवाना शाखेत द्या, दोन्हीकडे आवक क्रमांक घ्या.

काडतुसं वेगळी मोजून, वेगळी नोंदवून द्या. खडकीच्या कारखान्याची जुनी कागदी काडतुसं ओलीने फुगतात आणि नळीत बसत नाहीत; ती घरी ‘आठवण’ म्हणून ठेवणं हाही गुन्हाच आहे.

काही बाबतीत निवडीला फारसा वाव नाही. ३०३ रायफल किंवा ९ मिमी पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, तिथे विषय केंद्रीय गृहमंत्रालयापर्यंत जातो. अशी शस्त्रं ठाण्यातच द्यावीत असं मला वाटतं. तुमच्याकडे आधीच दोन शस्त्रं असतील तर वारसाहक्काने तिसरं मिळणार नाही, २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादा दोनवर आली आहे. मग विकायचीच असेल तर ती विक्रेत्याकडेच असलेली बरी, कारण परवानाधारक ग्राहकाला दाखवता येते. ठाण्यातून ग्राहकाला दाखवणं मला तरी जमेलसं वाटत नाही. जुनी विलायती दुनाळी असेल तर नळ्यांवर लाटांसारखी नक्षी आहे का ते विक्रेत्याला विचारा. वळवलेल्या पट्ट्यांच्या त्या नळ्या आजच्या काडतुसांसाठी नाहीत, आणि हे न सांगता विकणं घातक ठरू शकतं.

कुठेही ठेवा, कायमचं विसरू नका. ठरलेल्या मुदतीत परत घेतली नाही किंवा विल्हेवाट लावली नाही तर जिल्हादंडाधिकारी कारणे दाखवा नोटीस काढून ती सरकारजमा करू शकतात. नोटीस जमा करणाऱ्याच्या पत्त्यावर जाते. तो पत्ता वडिलांचा जुना वाडा असेल आणि वाड्याच्या जागी आता इमारत उभी असेल, तर पावतीवर स्वतःचा आजचा पत्ता लिहून घ्या.