३८९९९ सिरीज थ्री: युद्धनौकेच्या कन्सोलमागचा कनेक्टर घेताना

एमआयएल-डीटीएल-३८९९९ या अमेरिकी लष्करी स्पेसिफिकेशनमधला सिरीज थ्री हा आट्यांचा गोल कनेक्टर. भोसरी, चाकण, तळेगाव पट्ट्यात ज्यांच्याकडे नौदलाच्या कन्सोलचं, लाँचर कंट्रोलरचं किंवा रडार प्रोसेसरच्या पेट्यांचं काम येतं, त्यांच्या बीओएममध्ये, म्हणजे लागणाऱ्या भागांच्या यादीत, तो हमखास असतो. हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी आहे, आणि असं काम पहिल्यांदा हातात घेणाऱ्या लहान युनिटसाठी तर जास्तच. निकाल आधीच सांगून टाकतो: माल उत्तम आहे, पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका. पण ऑर्डर देताना सगळे पिना मोजतात आणि फिनिश (बाहेरच्या कवचाचा, म्हणजे शेलचा, धातू आणि मुलामा), वायरची जाडी, बॅकशेल (मागे केबल आणि तिची शिल्ड धरणारा भाग) या तीन गोष्टी नंतर बघू म्हणून सोडून देतात. जहाजावर हा कनेक्टर दगा देतो तो याच तीन जागी.

समुद्रावरच्या यंत्रणेचं काम पुण्याला नवं नाही. जहाजावरून उभं डागायच्या व्हीएल-एसआरएसएएम क्षेपणास्त्रात हैदराबादच्या डीआरडीएल आणि आरसीआय या डीआरडीओच्या प्रयोगशाळांबरोबर पुण्याच्या आर अँड डी इंजिनीअर्स या डीआरडीओच्याच प्रयोगशाळेचा वाटा आहे. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी चांदीपूरहून त्याच्या दोन चाचण्या झाल्या. अशा कामाचा सुटा भाग घेणाऱ्या शॉपने एक हिशेब डोक्यात पक्का ठेवावा. जहाजाचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचं. तेवढ्या काळात पेटीतली कार्डं आणि प्रोसेसर बदलतात, सॉफ्टवेअर तर कितीदा तरी बदलतं. डेकखालून ओढलेली केबल आणि तिच्या टोकाचा कनेक्टर मात्र सहसा तसाच राहतो, कारण तो बदलायचा म्हणजे केबल ट्रे उघडा, बल्कहेडमधल्या (जहाजाच्या आतल्या भिंतीतल्या) ग्लँड सोडा आणि पुन्हा सगळं सील करा.

सिरीज वन आणि टू बायोनेटच्या आहेत, थोडासा वळसा दिला की बसतात. हाताला सोयीच्या, पण जोडल्यावर किंचित खेळ राहतो. तोफ चालल्यावर आणि इंजिनच्या कंपनात तो खेळ पिना-सॉकेट एकमेकांवर घासत राहतो, सोन्याचा मुलामा झिजतो आणि रेझिस्टन्स वाढतो. सिरीज थ्रीला तीन तोंडांचा आटा आहे. एका पूर्ण वळशात दोन्ही शेल धातूला धातू टेकतात आणि आतली रॅचेट पकड आटा सैल होऊ देत नाही. आट्याच्या मागचा लाल पट्टा पूर्ण झाकला गेला की जोड पूर्ण. हा लाल पट्टा या कनेक्टरचा सर्वात मोठा गुण: अरुंद कंपार्टमेंटमध्ये टॉर्च मारून लांबूनही खात्री करता येते. पट्ट्याची बारीक लाल कड दिसत असेल तर 'बसलाय, चालेल' म्हणू नका. बहुतेक वेळा मागच्या बॅकशेलचं वजन केबलला ओढत असतं. क्लॅम्प आधी सैल करा, मग फिरवा. पिना शेलच्या इतक्या आत असतात की प्लग वाकडा घातला तरी समोरचं शेल त्यांना खरवडत नाही. जोडणी-सोडणी ५०० वेळा सहन करायची असं स्पेसिफिकेशन आहे. जहाजावर तेवढी वेळ येत नाही. टेस्ट बेंचवरच्या कनेक्टरवर येते, म्हणून तिथे कनेक्टर सेव्हर, म्हणजे झीज स्वतःवर घेणारा मधला बदलता जोड, लावा.

पार्ट नंबर वाचता आला पाहिजे, कारण एक अक्षर चुकलं तरी माल परत जात नाही. डी३८९९९/२६डब्ल्यूबी३५पीएन घ्या. २६ म्हणजे प्लग. पॅनेलवर फ्लँजने बसणारा २०, नटने आवळणारा २४. डब्ल्यू हे फिनिश. बी म्हणजे ११ मापाचं शेल, ३५ म्हणजे आतली मांडणी, ११-३५ ला २२डी मापाचे १३ कॉन्टॅक्ट (पिना किंवा सॉकेट). पी म्हणजे पिन, एन म्हणजे नॉर्मल की (चुकीचा प्लग बसू न देणाऱ्या खाचांची मांडणी). एकाच पॅनेलवर सारखे चार कनेक्टर असतील तर एन, ए, बी, सी अशा वेगळ्या की घ्याच. फक्त लेबलवर भरवसा ठेवला तर रिफिटमध्ये कुणीतरी पॉवरची केबल सिग्नलच्या तोंडात घालतं आणि कार्ड जळतं.

आता फिनिश. डब्ल्यू म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर निकेल आणि त्यावर ऑलिव्ह रंगाचं कॅडमियम, ५०० तासांचा सॉल्ट स्प्रे (खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात गंज न येता टिकण्याची चाचणी). एफ म्हणजे इलेक्ट्रोलेस निकेल: दिसायला देखणा, वीज उत्तम वाहून नेतो, पण सॉल्ट स्प्रे फक्त ४८ तास. प्रयोगशाळेच्या रॅकला तो ठीक. जहाजाच्या कामात एफ बीओएममध्ये शिरतो तो बहुतेक आधीच्या विमानाच्या ड्रॉइंगमधून कॉपी होऊन, आणि तो वेळेत पकडला नाही तर क्वालिफिकेशनला गंजाची पांढरी भुकटी दिसते. के म्हणजे पॅसिव्हेट केलेलं स्टेनलेस स्टील, जे आणि एम म्हणजे कंपोझिट. कंपोझिटचा आकडा २००० तासांचा आहे, वजनही कमी. पण डेकवर, जिथे पाय पडतो, हत्यार आपटतं, तिथे आम्ही ते सुचवणार नाही.

उघड्या डेकला आणि मास्टला स्टेनलेसच, असं बरेच जण डोळे झाकून लिहितात. निर्णय बरोबर आहे, फक्त त्याची किंमत ठाऊक असू द्या. जोडलेल्या कनेक्टरमधून १ अँपिअर सोडून शेल ते शेल व्होल्टेज ड्रॉप मोजतात: एफला १ मिलिव्होल्ट चालतो, डब्ल्यूला २.५, 'के'ला १०. म्हणजे शिल्डचा (केबलवरच्या, विद्युत गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या वेणीचा) रस्ता 'के'मध्ये डब्ल्यूच्या चौपट अवघड असला तरी तो पास. तुमची पेटी एमआयएल-एसटीडी-४६१ च्या आरई१०२ मध्ये (पेटीतून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरी मोजणाऱ्या चाचणीत) डब्ल्यू कनेक्टरवर काठावर पास झाली असेल आणि नंतर गंजाच्या धास्तीने के लावायचं ठरलं, तर ती चाचणी पुन्हा करावी लागणार हे वेळापत्रकात धरा. आमचं मत: डेकखालच्या पेट्यांना डब्ल्यू, कॅडमियम नको असेल तर काळा झिंक-निकेल झेड, उघड्यावर के किंवा उत्पादक देतात ते मरीन ब्राँझ. आणि डब्ल्यूच्या शेलला कधीही कानस किंवा सँडपेपर लावू नका. कॅडमियमची धूळ विषारी आहे, शिवाय मुलामा गेला की ५०० तासांना काही अर्थ उरत नाही.

कनेक्टर कितीही चांगला असो, पॅनेल बिघडवून टाकतं. सर्रास होणारी चूक अशी: पॅनेल अ‍ॅनोडायझिंगला जातं, कटआउटभोवती मास्किंग करायला सांगायचं राहतं. अ‍ॅनोडायझिंगचा थर वीज अडवतो. फ्लँज घट्ट बसतो, दिसायला सगळं छान, आणि मिलिओहममीटर लावला की बाँडिंग (शेल आणि पॅनेलमधला विजेचा जोड) नापास. ड्रॉइंगवर फ्लँजखालची जागा मास्क करून तिथे क्रोमेट कन्व्हर्जन कोटिंग लिहा, मध्ये कंडक्टिव्ह गॅस्केट घाला आणि बाहेरची कड सीलंटने बंद करा. ही कड बंद करणं सोडू नका. स्टेनलेसचा कनेक्टर अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनेलवर असला आणि रंग नेमका फ्लँजच्या काठाला निघाला, तर खारट ओलाव्यात सगळा गंज तेवढ्याच उघड्या कडेवर एकवटतो आणि पॅनेल आतून खाल्लं जातं.

वायरची जाडी ही दुसरी अडचण, आणि ती मागे ढकलता येत नाही. २२डी कॉन्टॅक्टमागच्या रबरी ग्रोमेटचं भोक ०.७६ ते १.३७ मिलिमीटर बाहेरच्या व्यासासाठी आहे. विमानाची पातळ ईटीएफई वायर त्यात आरामात बसते. जहाजावर मात्र आगीत धूर आणि हॅलोजन नको म्हणून लो स्मोक झिरो हॅलोजन वायर मागतात आणि तिचं इन्सुलेशन जाड असतं. २२ गेजचं तांबं कॉन्टॅक्टमध्ये मावतं, इन्सुलेशन ग्रोमेटमध्ये मावत नाही. मग कामगार जोर लावतो, ग्रोमेटची आतली कड फाटते, आणि ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. पाणी शिरतं ते पहिल्या पावसाळ्यात. २० मापाचा कॉन्टॅक्ट १.०२ ते २.११ मिलिमीटर घेतो. पिना कमी मिळतील, शेल एक माप मोठं लागेल. तरी पेट्यांमधल्या केबलला तोच निवडा. २२डी पेटीच्या आत ठेवा. रिकाम्या छिद्रांत कॉन्टॅक्ट आणि सीलिंग प्लग दोन्ही घाला. २२ ला काळा प्लग, २० ला लाल.

क्रिंपसाठी, म्हणजे वायर कॉन्टॅक्टमध्ये दाबून पक्की करायला, एम२२५२०/२-०१ टूल लागतं. २२डी पिनेला, म्हणजे एम३९०२९/५८-३६० ला, २-०९ पोझिशनर (टूलमध्ये कॉन्टॅक्ट नेमक्या जागी धरणारा भाग). एम३९०२९/५६-३४८ सॉकेटला २-०७. वायर गेजप्रमाणे सिलेक्टरचा आकडा पोझिशनरवरच छापलेला असतो. पिना अस्सल आहेत का, हे भिंगाखाली रंगीत पट्ट्यांवरून कळतं: ३६० ला नारिंगी, निळा, काळा, ३४८ ला नारिंगी, पिवळा, राखाडी. वायर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास सोला, एकही तंतू तुटता कामा नये. क्रिंप झाल्यावर बाजूच्या बारीक छिद्रातून तांबं दिसलंच पाहिजे. दिसत नसेल तर ओढून बघू नका, कापून टाका. प्रत्येक शिफ्टला नमुने ओढून तपासा: २२ गेजला १२ पाउंड, म्हणजे सुमारे ५३ न्यूटन, २४ गेजला ८ पाउंड. पिना घालायला हिरवं-पांढरं एम८१९६९/१४-०१ टूल; हिरव्या टोकाने घालायचं, पांढऱ्याने काढायचं. बसल्याचा बारीक आवाज येतो, तरी प्रत्येक वायर हलकेच ओढा. अर्धवट बसलेली पिन बेंचवर कंटिन्युइटी देते आणि जोडताना मागे सरकते.

शिल्डच्या बाबतीत बॅकशेलशिवाय इलाज नाही. शिल्डची वेणी पिळून, तिला वायर सोल्डर करून एखाद्या पिनेवर नेणं ही स्वस्त वाट आहे आणि ती हमखास नडते. दहा सेंटीमीटरच्या अशा शेपटीचं इंडक्टन्स ढोबळमानाने १०० नॅनोहेन्री. १०० मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा ६० ओहमच्या वर जातो. म्हणजे त्या वारंवारतेला शिल्ड असून नसल्यासारखी. एएस८५०४९ मालिकेतला बँडवाला बॅकशेल घ्या, वेणी चहूबाजूंनी त्याच्या खाचेवर पसरा आणि स्टीलचा बँड कॅलिब्रेट केलेल्या टूलनेच आवळा. मागचे आटे मेट्रिक आहेत: ९ च्या शेलला एम१२, ११ ला एम१५, १३ ला एम१८. बॅकशेल ठरवलेल्या टॉर्कने बसवा आणि साध्या पकडीने धरू नका, दातांचे ओरखडे म्हणजे गंजाची सुरुवात. केबलवर हीट श्रिंक बूट आणि खाली चिकटपट्टा ओढण्याआधी फोटो काढून ट्रॅव्हलरला (कामासोबत फिरणाऱ्या नोंदपत्राला) लावा. नंतर आतलं कुणालाच तपासता येत नाही.

तपासणीत एका गोष्टीने सर्वात जास्त नुकसान होतं: मल्टीमीटरचा प्रोब. २२डी पिनेचा व्यास ०.७६ मिलिमीटर. प्रोबचं टोक त्याहून कितीतरी जाड. ते सॉकेटमध्ये घुसवलं की आतल्या पाकळ्या फाकतात आणि पुन्हा घट्ट होत नाहीत. त्या वेळी रीडिंग बरोबर येतं. सी ट्रायलला, जहाज हलायला लागलं की, सिग्नल येतो-जातो, आणि लोक सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतात. जोडीच्या पिना लावलेल्या टेस्ट लीड बनवून ठेवा. पुरवठादाराच्या कामगारांना, निरीक्षकांना, सगळ्यांना त्याच द्या. ५०० व्होल्टची मेगर (इन्सुलेशनची) टेस्ट करताना दोन्ही टोकं पेटीतून काढलेली आहेत हे एका माणसाने स्वतः जाऊन बघावं, फोनवर विचारून नाही.

खरेदी. अँफिनॉलचा भारतातला कारखाना भोसरी एमआयडीसीतच आहे, त्यामुळे पुण्यातल्या शॉपला चौकशी आणि तांत्रिक मदत जवळ मिळते. तरी फिनिश आणि की यांचं नेमकं कॉम्बिनेशन स्टॉकमध्ये असेलच असं नाही. हवा तो क्लास यायला कित्येक आठवडे लागू शकतात. पीओ (ग्राहकाची खरेदी ऑर्डर) मिळाल्यावर कनेक्टरची ऑर्डर सगळ्यात आधी टाका, शीटमेटल नंतर. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळणारे जीएक्स१६ सारखे गोल कनेक्टर बेंचच्या जोडण्यांना छान आहेत, जहाजाच्या पेटीवर त्यांचं काम नाही. घाईत कुणी '३८९९९ सारखाच' माल आणून दिला तर उत्पादकाचं सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मन्स आणि शेलवरचा डेट कोड एकमेकांशी ताडून बघा; नाही जुळला तर तो माल वापरूच नका.

शेवटी स्पेअर्स. ऑनबोर्ड आणि बेस अँड डेपो स्पेअर्सच्या यादीत अख्खे कनेक्टर लिहिले जातात आणि सुटे कॉन्टॅक्ट, सीलिंग प्लग, घालायचं-काढायचं प्लॅस्टिकचं टूल राहून जातं. एक पिन वाकली म्हणून १२८ कॉन्टॅक्टचा २५-३५ कापायची वेळ याच कारणाने येते. त्या मापाच्या कनेक्टरमागे किमान दहा टक्के कॉन्टॅक्ट, दोन टूल आणि साखळीसकट टोप्या यादीत घाला. प्लगची टोपी डी३८९९९/३२, रिसेप्टॅकलची ३३. कार्ड बदलायला पेटी सोडली की ती टोपी त्याच मिनिटाला चढली पाहिजे. उघड्या तोंडात ग्राइंडिंगचा कीस एकदा गेला की तो हवेच्या झोताने निघत नाही, भिंगाखाली एकेक सॉकेट बघूनच काढावा लागतो.