गिझर दिवसभर चालू ठेवायचा की अंघोळी झाल्या की बंद करायचा?

आमच्या घरात हा वाद दर वर्षी थंडी पडली की सुरू होतो. सासूबाईंचं म्हणणं, अंघोळी उरकल्या की गिझरचं बटण बंद झालंच पाहिजे, आणि नवऱ्याचं म्हणणं, गार झालेलं पाणी पहिल्यापासून तापवायला जास्त वीज लागते, त्यापेक्षा चालूच राहू दे, थर्मोस्टॅट आहे ना आत, तो बघून घेईल. मी शेवटी वही घेऊन हिशोब मांडला. हे सगळं टाकीच्या गिझरबद्दल आहे, म्हणजे 10, 15, 25 लिटरवाले.

आधी नवऱ्याचा मुद्दा, कारण तो खूप जणांना पटतो पण तो बरोबर नाहीये. गिझर चालू असला की आतलं पाणी समजा 60 अंशाला आणि बाथरूम 25 ला, मग टाकीला कितीही चांगलं फोम असलं तरी उष्णता बाहेर झिरपत राहते, पाणी जरा उतरलं की थर्मोस्टॅट कॉईल लावतो, परत तापवतो, परत बंद, असं दिवसभर. बंद ठेवला तर पाणी हळूहळू निवतं आणि जसजसं निवतं तसतशी बाहेर जाणारी उष्णताही कमी होत जाते. म्हणजे संध्याकाळी परत तापवताना जेवढी भर घालावी लागते ती दिवसभर थोडी थोडी घातलेल्या भरीपेक्षा कमीच असते, कधीच जास्त नाही. आजीकडे तांब्याचा बंब होता, शेवटची अंघोळ झाली की कोणी त्यात आणखी लाकडं सारत नव्हतं, दुपारी पाणी लागलं तर परत पेटवायचे, तेच आहे हे.

पण सासूबाईंना वाटतं तेवढी मोठी बचतही नाही, हेही खरं सांगायला हवं. गिझरवर स्टारचं लेबल असतं ना, त्यावर 24 तासात नुसतं उभं राहून किती युनिट वाया जातात तो आकडा असतो आणि तो पाणी बाहेरच्या हवेपेक्षा 45 अंशाने गरम धरून काढलेला असतो. समजा तुमच्यावर 0.7 लिहिलंय, तर आपल्याकडे 35 अंशाच्या फरकाला साधारण अर्धा युनिट रोज, महिन्याला 15-16 युनिट. बंद ठेवून हे सगळेच्या सगळे वाचत नाहीत कारण टाकीत उरलेलं गरम पाणी निवतंच, पण बराचसा भाग वाचतो. महावितरणच्या बिलात 100 आणि 300 युनिटला स्लॅब बदलतो, तुम्ही त्या रेषेच्या पलीकडे असाल तर वाचणारे युनिट वरच्या, महागड्या दराचे असतात, त्यामुळे हिशोब त्या दराने करा.

उलट बाजूला काय जातं तर वेळ. 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशाला न्यायला 0.7 युनिट लागतो, 2000 वॅटची कॉईल असेल तर वीस-बावीस मिनिटं, 25 लिटरला पस्तीसएक मिनिटं. तेवढं आधी उठून बटण दाबायचं, बस. आणि 60 अंशाच्या 15 लिटरमध्ये तेवढंच गार पाणी मिसळलं की दोन बादल्या होतात, म्हणून शेवटच्या माणसाने अंघोळीला जायच्या आधीच बटण बंद करावं, टाकीतलं गरम वापरून टाकावं, मागे गार पाणी राहिलं की वाया जायला काही उरतच नाही. मला विचाराल तर खरी बचत इथे आहे.

चालू ठेवणं कोणाला परवडतं? एकत्र कुटुंब, पाच वाजल्यापासून अकरापर्यंत अंघोळी, मधे अर्धा-पाऊण तासाचं अंतर, तिथे दर वेळी बंद-चालू करून नाममात्रच पैसे वाचतील आणि कोणीतरी गार पाण्याखाली जाईल. घरात बाळंतीण, तान्हं बाळ, आजारी माणूस असेल तर मी सरळ चालू ठेवीन, त्या पंधरा युनिटचा विचारही करणार नाही. फक्त चालू ठेवायचा म्हणून थर्मोस्टॅट 40-45 वर आणून ठेवू नका, टाकीत कायम कोमट राहिलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढू शकतो आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा न्यूमोनिया होतो. 60 ला नीट तापवा, वापरताना गार मिसळा.

सारखं बंद-चालू केल्याने कॉईल जाते असंही म्हणतात. अहो थर्मोस्टॅट दिवसभर तेच करत असतो की. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर उलट सतत गरम राहिलेल्या टाकीत थर जास्त बसतो.

आणि एक गोष्ट बिलापेक्षा महत्त्वाची, गिझर चालू ठेवणार असाल तर अर्थिंग आणि बोर्डावरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आजच तपासून घ्या, सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतो म्हणून तो कधीही बुजवू नका, थर्मोस्टॅट बिघडला तर तोच टाकी वाचवतो. आमच्याकडे अंगावर पाणी घेताना बटण बंद हा नियम लहानपणापासून आहे आणि तो मी मुलांनाही लावलाय. टायमर किंवा स्मार्ट प्लग लावणार असाल तर 16 अँपचाच घ्या, साधा 6 अँपचा वितळतो.

ज्यांच्याकडे गच्चीवर पाणी तापवायचा सोलर आहे त्यांनी आतली बॅकअपची कॉईल रात्रभर चालू ठेवू नये. संध्याकाळी गरम पाणी वापरलं की टाकीत गार पाणी येतं, ते कॉईल रात्रीच तापवून ठेवते आणि सकाळी उन्हाला तापवायला काही शिल्लक राहत नाही. ढगाळ दिवशी पहाटे तासभर लावली तरी पुरते.

गॅस गिझरला टाकीच नसते त्यामुळे हा प्रश्नच येत नाही, पण तो बंद बाथरूममध्ये असेल तर कृपा करून बाहेर काढून घ्या, गॅस जळताना होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

आमच्याकडे आता पावणेसहाला बटण चालू होतं आणि शेवटी मी जाते तेव्हा बंद. फेब्रुवारीत नणंद बाळंतपणाला येणार आहे, तेव्हा दोन महिने चालू राहील आणि त्यावर सासूबाई आणि नवरा दोघांचंही एकमत आहे.