आयसिंगचं किट घेतलं खरं, पण कामाला आला मेंदीचा कोन

तर झालं असं की सोसायटीतल्या पोरांच्या ख्रिसमस पार्टीला कुकीज मी करते असं मीटिंगमध्ये उगाच बोलून बसले. साठ कुकीज, आणि त्याही साध्या नाहीत, वर आयसिंगने काढलेलं झाड, सांताची टोपी, बर्फाची चांदणी असलं सगळं. केक मी घरी करते, क्रीमचे गुलाब पण बऱ्यापैकी जमतात, पण ते कडक वाळणारं रॉयल आयसिंग कधी केलं नव्हतं. मग रात्री साडेअकराला मोबाईलवर ८९९ रुपयांचं एक 'संपूर्ण' कुकी डेकोरेशन किट दिसलं आणि घेतलं. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण त्याचा उपयोग नाही, हुबेहूब तोच डबा तेच फोटो लावून तीन-चार नावांनी विकायला आहे.

आत काय होतं तर २४ नोझल (आयसिंग ज्यातून पिळतात ती धातूची टोकं), एक सिलिकॉनची पिशवी, दोन कपलर (नोझल पिशवीला बसवायचे जोड), एक प्लॅस्टिकचा स्क्रेपर, नोझल धुवायचा बारकासा ब्रश, १०० ग्रॅम मेरिंग पावडर आणि चार जेल कलर. डबा उघडला तेव्हा मी खूश, ओळीने मांडलेली चकाचक नोझल बघून वाटतं आता आपण काय वाटेल ते करू. लेक म्हणाली, "आई, हे तर डेंटिस्टकडे असतं तसं दिसतंय." बरोबरच होतं तिचं.

पहिला धक्का नोझलचा नाही, पावडरचा. मेरिंग पावडर म्हणजे वाळवलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची पावडर, त्यात थोडी साखर, स्टार्च वगैरे. हे मला माहीत होतं, पण डब्यावर समोर कुठे तसं लिहिलेलं नाही, मागे एका कोपऱ्यात बारीकशी तपकिरी खूण. आणि महिना कुठला, तर मार्गशीर्ष! त्यात दुसऱ्या दिवशी गुरुवार. सासूबाईंनी चष्मा लावून डबा फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "अगं, हे शुक्रवारी कर हो, उद्या ओट्यावर नको." बिचाऱ्या चिडल्या वगैरे नाहीत, पण मलाच कसंतरी झालं. त्यामुळे शाकाहारी घरात घेणार असाल तर आधी मागची बाजू बघा, 'मेरिंग' शब्द वाचून काही कळत नाही आपल्याला.

असो. पावडर मात्र चांगली निघाली, अगदी खरं सांगते, अख्ख्या किटमध्ये पैसे वसूल झाले ते इथेच. ३० ग्रॅम पावडर, साडेचारशे ग्रॅम आयसिंग शुगर, पाच-सहा मोठे चमचे पाणी, आणि बीटरने सात-आठ मिनिटं फेटलं की पांढरंशुभ्र, टोक उभं राहणारं आयसिंग तयार. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यानेही होतं, थोडं लिंबू पिळायचं की झालं, पण कच्चं अंडं साठ पोरांना द्यायची माझी हिंमत नाही, साल्मोनेला जंतूंची भीती असते, पावडरीत तो प्रश्न बराचसा मिटतो. फक्त भांडं कोरडं आणि बिलकुल तेलकट नको. मी पहिल्यांदा ज्या प्लॅस्टिकच्या बाऊलमध्ये नेहमी बटर फेटते त्यातच केलं, आणि आयसिंग काही केल्या फुलेचना, नुसतं चिकट पिठूळ पाणी. मग स्टीलचं पातेलं लिंबाच्या फोडीने पुसून घेतलं तेव्हा जमलं.

गुरुवारसाठी मी काबुली चण्याचं पाणी वापरून बघितलं, छोले उकडल्यावर उरतं ते दाटसर पाणी, ते गाळून आटवून फ्रीजमध्ये गार करायचं. एका अंड्याच्या पांढऱ्याच्या जागी साधारण दोन मोठे चमचे. फेटलं की हुबेहूब अंड्यासारखं फुलतं, घरातल्या सगळ्यांनी येऊन बघून घेतलं. छोल्याचा वास फेटताना येतो, व्हॅनिला घातला की जातो. वाळायला मात्र दीडपट वेळ लागला आणि चांदणीची टोकं उचलताना दोन मोडली. पण बिनअंड्याचं आयसिंग म्हणजे दुय्यम असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, आपल्या पुण्याच्या केक-कलाकार प्राची धबल देब यांनी इटलीतल्या मिलानच्या कॅथेड्रलची, म्हणजे तिथल्या भल्यामोठ्या चर्चची, १०० किलोची प्रतिकृती केली होती ती बिनअंड्याच्या रॉयल आयसिंगचीच! मी आपली चांदण्यांवर समाधानी.

आता नोझल. २४ पैकी मला लागली किती, तर दोन. कुकीवर रेघ काढायला आणि आत भरायला बारीक गोल भोकाचंच लागतं, बाजारात ज्याला दोन नंबर आणि तीन नंबर म्हणतात ते. बाकी ती मोठी मोठी चांदणीवाली, गुलाबाच्या पाकळीवाली, पानवाली, ती सगळी बटरक्रीमची कामं, कुकीशी त्यांचा काही संबंध नाही. 'कुकी डेकोरेशन' म्हणून विकायचं आणि वीस नोझल केकची द्यायची! वर एकाही नोझलवर नंबर कोरलेला नाही, म्हणजे एखादं हरवलं तर दुकानात जाऊन मागायचं काय, "भाऊ, ते जरा बारीकवालं द्या"? बारीक नोझलला बाजूने जोड दिसतो, त्या जोडाची कड आत आलीय, त्यामुळे रेघ सरळ पडण्याऐवजी सतत डावीकडे वळते. मला आधी वाटलं माझाच हात वळतोय. स्टेनलेस लिहिलंय पण रात्रभर पाण्यात राहिली तर सकाळी जोडावर गंजाचा ठिपका. कपलर दोन्ही सैल, दाबलं की बाजूने आयसिंग बाहेर. सिलिकॉनची पिशवी इतकी मोठी की त्यात अर्धा किलो आयसिंग मावेल, आणि मला एका वेळी हवं होतं दोन चमचे लाल. दोन चमचे आयसिंग एवढ्या मोठ्या पिशवीत भरून बघा एकदा, सगळं आतल्या बाजूलाच चिकटून बसतं.

पहिल्या संध्याकाळचं दृश्य असं होतं. चांदणीची चौथी रेघ काढतेय, मधेच आयसिंग थांबलं, मी जरा जोर लावला, आणि फट्ट करून जांभळाएवढा गोळा बरोब्बर मध्यभागी. गोधडीच्या सुईने नोझल साफ केलं, पुन्हा तेच. शेवटी कळलं की साखर मी मिक्सरला घरी दळलेली होती आणि त्यात कण राहिले होते. घरची पिठीसाखर लाडूला ठीक आहे, बारीक नोझलला नाही. विकतची आयसिंग शुगर आणायची, तिच्यात थोडा कॉर्नफ्लोर असतो, आणि ती पण मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळायची.

मग आली आमची तिसऱ्या मजल्यावरची मेंदीवाली. म्हणजे ती दाखले-बिखले करणाऱ्या ऑफिसात नोकरी करते, पण लग्नसराईत नवऱ्यांच्या... म्हणजे नवरींच्या हातांवर मेंदी काढते. माझा तो राडा बघून हसायला लागली. म्हणाली, "ताई, एवढ्या जाड नळीने कोणी नाजूक काम करतं का? कोन बांधा ना." तिने बटरपेपरचा चौकोन कर्ण धरून कापला, दोन मिनिटांत मेंदीच्या कोनासारखा घट्ट कोन वळला, दोन चमचे आयसिंग भरलं, वरून दुमडून टेप लावली आणि टोक कात्रीने एवढंसं कापलं, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. आणि मग चांदणी अशी काढली की मी नुसती बघत बसले! हात कुकीला टेकवायचा नाही, टोक थोडं वर धरायचं, आयसिंगची दोरी हवेतून खाली सोडायची आणि हव्या त्या जागी टेकवायची. हे आपल्याकडच्या कित्येक बायकांच्या हातात आधीच आहे, फक्त आपण ते मेंदीसाठी राखून ठेवलंय.

त्या रात्री नोझलचा डबा मी बंद केला. प्रत्येक रंगाचा वेगळा कोन, काम झालं की फेकून द्यायचा, धुणं नाही, ब्रश नाही. सगळी गंमत आहे आयसिंग किती घट्ट ठेवता त्यात. कडेची रेघ काढायला श्रीखंडाएवढं घट्ट, आणि आत भरायला डोशाच्या पिठाएवढं सैल, सुरीने रेघ ओढली तर दहा-पंधरा सेकंदात बुजली पाहिजे. थेंब थेंब पाणी घाला, एक चमचा एकदम घातला की गेलं वाहून. आणि भांड्यावर ओला रुमाल झाकून ठेवा, नाहीतर वर पापुद्रा धरतो आणि तो पापुद्रा कोनात अडकतो.

रंगांबद्दल. किटमधला हिरवा आणि निळा छान, थेंबभर पुरतो. लाल मात्र कितीही घाला गुलाबीच, मी घालत राहिले तर चव कडू झाली. नंतर कळलं की लाल रंग कालवून रात्रभर ठेवला की आपोआप गडद होतो, हे डब्यावर एका ओळीत लिहिता आलं असतं की नाही? सांताच्या टोपीच्या पांढऱ्या गोंड्यात लाल उतरला तो वेगळाच ताप. पांढरं पूर्ण वाळल्याशिवाय शेजारी लाल लावायचाच नाही. आणि घाई म्हणून फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका, बाहेर काढल्यावर दव धरतं आणि सगळं पाझरतं. पंख्याखाली, उघड्यावर, किमान आठ तास.

यावर सासूबाईंचं म्हणणं भारी होतं. शनिवारी आभाळ भरून आलं होतं आणि आदल्या रात्रीच्या कुकीज सकाळीसुद्धा बोटाला चिकट लागत होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही संक्रांतीचा हलवा करायचो ना तेव्हाही असंच, ढग आले की काटा येत नाही, कोरडी थंडी लागते." तीळ परातीत घेऊन शेगडीच्या मंद आचेवर चमचा चमचा पाक सोडत बोटांनी तासन् तास हलवत बसायचं, तेव्हा तो काटा फुलतो. साखर तीच, हवा तीच. मला तोपर्यंत वाटत होतं मी काहीतरी फार विलायती करतेय.

त्या जोशात मी जानेवारीत भाच्याच्या बोरन्हाणाला एक शहाणपणा केला, तिळगुळाच्या वड्यांवर पांढऱ्या आयसिंगचे पतंग काढले. दुपारी काय सुंदर दिसत होते! संध्याकाळपर्यंत गुळाने आपलं काम केलं, पतंग सगळे वितळून खाली आले. साखरेच्या वडीवर टिकले असते बहुतेक. हो, बटरपेपरवर पतंग वेगळे काढून दिवसभर वाळवून ऐन वेळी वडीवर ठेवता येतात, तसं पुढच्या वेळी.

तर मार्क द्यायचे म्हटलं तर किटला पाचपैकी दोन, आणि ते दोन्ही पावडरीचे. १०० ग्रॅममध्ये तीन बॅचेस झाल्या, एका बॅचमध्ये माझ्या तीनेक डझन मध्यम कुकीज. मला विचाराल तर नुसती पावडर किंवा चण्याचं पाणी, चाळलेली आयसिंग शुगर, दोन-तीन जेल कलर आणि बटरपेपरचा रोल घ्या, आणि नोझलच हवी असतील तर क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बेकिंगच्या सामानाच्या दुकानात सुटी मिळतात, नंबर कोरलेली, बिनजोडाची बघून घ्या. मी दोन आणली, रेघ सरळ पडते.

स्क्रेपर चांगला आहे हां, कणीक मळल्यावर ओटा खरवडायला रोज वापरते. उरलेली नोझल लेकीने घेतली, रांगोळीत बुडवून दारात ठसे उमटवत असते.