जुन्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा आणि पाचशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर

ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर (ओबीडी म्हणजे गाडीची स्वतःचे बिघाड स्वतः पकडायची सोय), ज्याला सगळे डोंगल म्हणतात, तो मी आमच्या २०११ च्या पेट्रोल हॅचबॅकसाठी ऑनलाइन मागवला, पाचशेच्या आत पडला, आणि जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या डिकीत हा असायलाच हवा असं माझं ठाम मत झालंय. फक्त तो कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेला बिघाडाचा नंबर, वाचण्यापुरता घेऊ नका. कोड काय, कुठलंही गॅरेज स्कॅनर लावून वाचून देतं. खरी किंमत वसूल होते ती लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे फोनवर बघण्यात, आणि तेच बहुतेक लोक उघडून बघत नाहीत.

आधी तुमच्या गाडीला चालेल का ते बघा. पुण्यात बीएस-४ (गाडीच्या धुराबद्दलचा सरकारी नियम) एप्रिल २०१० पासून लागू झालं, त्या पहिल्या तेरा शहरांत आपण होतो (सोलापूर पण होतं), आणि बीएस-४ बरोबरच ओबीडी-१ आलं, मग एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२. म्हणजे एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची २०१० नंतर घेतलेली गाडी असेल तर स्टेअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट बहुतेक सापडेलच. त्याआधीच्या गाडीत सॉकेट असलं तरी आत कंपनीची स्वतःची भाषा असू शकते, तिथे हा स्कॅनर गप्प बसतो. आणि ओबीडी-१ वाल्या गाडीकडून फार अपेक्षा ठेवू नका, ती मुख्यतः सेन्सरचं सर्किट तुटलंय की शॉर्ट आहे एवढंच पकडते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) म्हातारा झालाय वगैरे बारकावे तिला कळत नाहीत.

आता डोंगल. डोंगलच्या आत असते ती मूळ ईएलएम३२७ ही चिप कॅनडाच्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची, ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात स्वस्तात मिळतं ते सगळं क्लोन, म्हणजे नक्कल असतं. त्यात आवृत्ती २.१ लिहिलेले बरेच क्लोन अर्धवट असतात, जुन्या गाड्यांचे के-लाइनवाले प्रोटोकॉल (एकाच वायरवरून हळू बोलायची जुनी पद्धत) त्यांना जमत नाहीत, आणि आपल्याला तर नेमके तेच लागतात. १.५ लिहिलेले साधारण बरे चालतात (गंमत म्हणजे मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती). माझा १.५ वाला आहे, पिन १२३४ टाकली की जोडला जातो. अँड्रॉइडवर टॉर्क किंवा कार स्कॅनर हे ॲप टाका. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालणार नाही, वायफाय किंवा बीएलई (कमी बॅटरी खाणारं नवं ब्लूटूथ) वाला बघून घ्या. जोडणी होत नसेल तर ॲपमध्ये प्रोटोकॉल ऑटोवर न ठेवता केडब्ल्यूपी (के-लाइनचाच एक प्रोटोकॉल) हाताने निवडा, माझ्याकडे त्यानेच काम झालं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गाडीला चेक लाइट लागला, त्याबरोबर रेडिएटरचा फॅन चावी फिरवल्या फिरवल्या चालू व्हायचा आणि बंदच व्हायचा नाही, सकाळी स्टार्टिंगला त्रास, ॲव्हरेज खाली. कोड पी०११८, म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) टेंपरेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. एका गॅरेजने कोड बघून सेन्सर बदलला, दिवा परत लागला, मग म्हणाले ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय, जुना मिळतोय, लावून बघू. ईसीएम! तिथे मी थांबवलं आणि घरी पार्किंगमध्ये डोंगल लावून लाइव्ह डेटा उघडला, तर कूलंटचं तापमान उणे ४०. पुण्यात. मे महिन्यात.

हा उणे ४० चा आकडा नीट समजून घ्या, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. हा सेन्सर म्हणजे दोन वायरींचा एक रेझिस्टर, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, साधारण २० अंशाला दोन-अडीच किलोओहम आणि ८० अंशाला तीनशे ओहमच्या आसपास. ईसीएम आतल्या एका रेझिस्टरमधून पाच व्होल्ट पाठवतो आणि किती व्होल्ट उरले त्यावरून तापमान काढतो. वायर तुटली की पाचच्या पाच व्होल्ट तसेच राहतात, ईसीएमला आधी वाटतं भयंकर थंडी आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो, आणि मग हे तापमान खोटं आहे हे कळतं म्हणून खबरदारी म्हणून फॅन चालू ठेवतो. म्हणजे कोड ‘सेन्सर खराब’ असं कुठेच म्हणत नाही, तो सर्किट म्हणतो, आणि सर्किटमध्ये सेन्सर, कनेक्टर, दोन वायरी आणि ईसीएम सगळं आलं.

मग पुढची टेस्ट: सेन्सरचं कनेक्टर काढायचं आणि कनेक्टरमधल्या दोन पिना छोट्या वायरने एकमेकींना जोडायच्या. फोनवरचा आकडा उणे ४० वरून एकदम शंभरच्या पुष्कळ वर गेला तर वायरिंग आणि ईसीएम ठणठणीत, सेन्सर बदला. हललाच नाही तर दोष सेन्सरच्या मागे आहे, बहुतेक वायर तुटलीय. आमच्याकडे हलला नाही. (ही टेस्ट फक्त दोन वायरींच्या तापमानाच्या सेन्सरवर करायची, तीन वायरींच्या थ्रॉटल किंवा मॅप सेन्सरवर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) चुकूनही नाही, तिथे पाच व्होल्टची सप्लाय थेट अर्थला लागेल.) मग वायर तशीच जोडलेली ठेवून मुलाला फोनवर नजर ठेवायला बसवलं आणि मी हार्नेस (वायरींचा जुडगा) थोडा थोडा हलवत गेलो, बॅटरीच्या ट्रेखाली हात गेला आणि मुलगा ओरडला, बाबा, आकडा वर गेला! टेप सोलून बघितलं तर बॅटरीच्या ॲसिडने तांबं हिरवं पडलेलं, एक वायर आतून तुटलेली, वरून इन्सुलेशन अगदी धड. तेवढा तुकडा कापून नवीन वायर सोल्डर केली, वर श्रिंक स्लीव्ह घातली. खर्च नगण्य. फॅन शांत, ॲव्हरेज परत आलं, आणि काढलेला जुना सेन्सर मल्टीमीटरवर मोजला तर तोही चांगलाच निघाला. (मल्टीमीटर नसेल तर पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत घ्या, या कामाला साधा पुरतो.)

एक सावधगिरी, काही गाड्यांत कोड लागला की ईसीएम खरा आकडा लपवून स्वतःचा ठरलेला आकडा दाखवतो, त्यामुळे वायर तुटलेली असूनही ८० दिसू शकतं. म्हणून रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चावी नुसती ऑन करून बघायची. कूलंट आणि इनटेक हवा, दोन्हींचं तापमान जवळजवळ सारखं आणि बाहेरच्या हवेएवढं असायला पाहिजे. डिसेंबरात सकाळी एक १४ दाखवतोय आणि दुसरा ८० तर कोण खोटं बोलतंय ते कळलंच.

तशीच मॅप सेन्सरची गोष्ट. इंजिन बंद, चावी ऑन, तेव्हा तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. नेटवर सगळीकडे १०१ किलोपास्कल लिहिलेलं असतं, पण पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे ९४-९५ च दिसणार. तेच बरोबर आहे, तीच गाडी मुंबईत नेली की १०० च्या आसपास जाईल. तेवढ्यावरून कोणी मॅप सेन्सर बदला म्हणालं तर ऐकू नका. इंजिन चालू करून आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ३०-४० च्या दरम्यान खाली येतोय का ते बघा.

ऑक्सिजन सेन्सरसाठी (तो धुरातला ऑक्सिजन मोजतो) इंजिन गरम करून पुढच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या, सेन्सरचा ग्राफ लावा, ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली व्हायला हवा. इथे मात्र आमच्यासारख्या के-लाइनच्या गाडीत डोंगल कमी पडतो, डेटा फार हळू येतो, स्क्रीनवर एक-दोनच रीडिंग ठेवली तरच ग्राफला काही अर्थ राहतो.

कोड डिलीट करायचं बटण ॲपमध्ये समोरच असतं पण आधी फ्रीझ फ्रेम नावाच्या नोंदीचा स्क्रीनशॉट घ्या. कोड लागला त्या क्षणी आरपीएम किती, इंजिन किती गरम, गाडी किती वेगात, हे त्यात असतं, आणि डिलीट केलं की तेही पुसलं जातं. कात्रज घाट चढताना लागलेला कोड आणि सिग्नलला उभं असताना लागलेला कोड, दोन्हींचा तपास वेगळा. मेकॅनिककडे जायच्या आधी तर कोड अजिबात पुसू नका, त्याच्या हातातला पुरावा जातो. आणि बॅटरी मेलेली असेल तर आधी ती चार्ज करा, व्होल्टेज पडलं की भलतेसलते कोड येतात, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजे.

काम झालं की डोंगल काढून ठेवा, सॉकेटला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो, आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर जुनी बॅटरी बसू शकते. आणि एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल तर यावर पैसे घालू नका, ते कोड स्वस्त डोंगल आणि साध्या ॲपमध्ये बहुतेक दिसतच नाहीत, त्यासाठी मोठा स्कॅनर असलेल्या इलेक्ट्रिशियनकडेच जा आणि त्याला कोडबरोबर लाइव्ह डेटाही दाखवायला सांगा.