सेफ्टी डोअर करून घेताय? आधी खिडकी मागा

साताऱ्यात शाहूपुरीला आमचं बैठं घर आहे आणि मी एकटी राहते. लाकडी दाराच्या बाहेरून लोखंडी सेफ्टी डोअर एका वर्कशॉपकडून बसवून घेतलं. 16 गेजचा चौरस पाइप, मध्ये भोकाभोकांचा जाड पत्रा, आतून तीन कड्यांचं कुलूप, फिटिंगसकट 14,500 रुपये. दुसऱ्या एका ठिकाणी हेच दोन हजारांनी स्वस्त पडत होतं, पण तिथला पाइप हलका होता आणि बिजागरीची पिन बाहेरून ठोकून काढता आली असती. इथे पिनेची दोन्ही टोकं वेल्डिंगने बंद केलेली आहेत. बाहेर उघडणाऱ्या दाराला ही गोष्ट तपासून घ्याच.

लोक कुलपाबद्दल फार विचारतात. मला त्याहून गरजेचं वाटतं ते दार न उघडता समोरच्याशी बोलता येणं आणि वस्तू हातात घेता येणं. 1976 साली मी पुण्यात, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात खोली घेऊन संस्कृत शिकत होते. 31 ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीत जोशी कुटुंबातल्या तिघांचा खून झाला. महिना उलटतो तोच, 1 डिसेंबरला, भांडारकर रस्त्यावरच्या ‘स्मृती’ बंगल्यात पाच जण मारले गेले: काशीनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, नात, नातू आणि घरकाम करणाऱ्या बाई. शास्त्रीबुवांनी केलेला संस्कृत व्याकरणाचा कोश आम्हा विद्यार्थ्यांच्या रोजच्या वापरातला. आपल्या साताऱ्यात राहून शिष्य घडवणारे वैयाकरण भास्करशास्त्री अभ्यंकर यांचीही नोंद त्यात आहे. ज्यांच्या कोशात दिवसभर डोकं घालून बसायचं, त्यांच्याच घरात हे घडलं, हे तेव्हा मनाला पटतच नव्हतं. दिवेलागणीनंतर वाड्याच्या दिंडीदरवाजाला अडसर पडायचा आणि ओळखीचा आवाज आल्याशिवाय घरमालकीणबाई तो काढत नसत.

त्या बंगल्याचं कुलूप कुणी फोडलं नव्हतं. रात्री आठच्या सुमाराला बेल वाजली आणि नातवाने दार उघडलं. त्याला तिथंच धरून तोंडात बोळा कोंबला, हातपाय बांधले. मग एकेकाचा गळा नायलॉनच्या दोरीने आवळला. मारणारे कोण, तर अभिनव कला महाविद्यालयातली पोरं. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. कॉलेजातल्या वयाच्या मुलांसाठी दार उघडायला कोण बिचकेल? त्याआधी 22 नोव्हेंबरला शंकरशेठ रस्त्यावरच्या एका बंगल्यातही ही टोळी शिरली होती. तिथल्या बाई आणि दोन नोकर यांनी जोरात प्रतिकार केला, तेव्हा हे पळाले. त्या बाईंबद्दल मला आजही फार आदर वाटतो.

पण दाराने सगळं टळतं असं मी म्हणणार नाही. जानेवारी 1976 मधला पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला मुलगा होता. मार्च 1977 मधला शेवटचा बळी त्यांच्या ओळखीतल्या मुलाचा भाऊ. दोघेही ओळखीवर विसंबून त्यांच्याबरोबर गेले. त्या शेवटच्या मुलाचा, लोखंडी शिडीला बांधलेला मृतदेह नदीत सापडला आणि तिथून तपासाचा धागा हाती लागला. एकूण दहा खून. पहिल्या खुनात सामील असलेला एक जण माफीचा साक्षीदार झाला. अशा साक्षीदाराच्या एकट्या शब्दावर कोर्ट सहसा विसंबत नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतोच, त्यामुळे पोलिसांना बरंच काही जुळवावं लागलं. खटला 15 मे 1978 ला उभा राहिला, 28 सप्टेंबरला चौघांना फाशीची शिक्षा झाली. हायकोर्टाने 1979 मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने 1980 मध्ये ती कायम ठेवली, आणि 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात फाशी दिली गेली. लोक फाशीचं तेवढं लक्षात ठेवतात. मला साडेचार महिन्यांची ती सुनावणी मोठी वाटते. सगळं शहर सूडाची भाषा बोलत असताना प्रत्येक गोष्ट साक्षीपुराव्याने कोर्टात मांडली गेली.

म्हणून मी जाळीत छोटी खिडकी मागितली. छातीच्या उंचीला, आठ बाय दहा इंच, आतून कडी. वर्कशॉपचे मालक आधी तयार नव्हते. ‘‘काकू, भोक पाडलं की मजबुती कमी हुतीया,’’ असं त्यांचं म्हणणं. मी कारण सांगितलं, तसे गप्प झाले आणि मापं घ्यायला लागले. दार बसवायच्या आधी त्यांच्या कारागिराने खिडकीतून खांद्यापर्यंत हात घालून पाहिला, तर बोटं कुलपाच्या खटक्याला लागली! त्याने तो तुकडा कापून खिडकी बिजागरीच्या बाजूला सरकवली, पुन्हा हात घालून पाहिला आणि मलाही घालायला लावला. कुणी न सांगता त्याने हे केलं, याबद्दल त्याला पैकीच्या पैकी. आता दुधाची पिशवी, कुरिअर, गॅसवाल्याचं पुस्तक सगळं त्या खिडकीतून होतं. कुणाला यात अपमान वाटत नाही, उलट कुरिअरचा मुलगा स्वतःच खिडकीवर टकटक करतो.

तक्रारी दोन. सांगितलेल्या दिवसापेक्षा आठवडाभर उशीर झाला आणि फोन मलाच करावे लागले. शिवाय गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइड रंगाचा एकच हात दिला होता. साताऱ्याच्या पावसात तो काय टिकणार? गणपतीपर्यंत खालच्या पट्टीला गंज धरला. कळवल्यावर येऊन घासून दोन हात मारून गेले, पैसे मागितले नाहीत. वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग मात्र पायरीच्या फरशीवर कायमचे राहिलेत, तेव्हा काम सुरू होण्याआधी ओलं गोणपाट अंथरायला सांगा. खिडकीचे मला 600 रुपये वेगळे पडले. ते कोटेशनमध्येच लिहून घ्या.