सिबिल स्कोअर: एजंट की स्वतः?

सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण, कमी म्हणून गृहकर्ज नाकारलं गेलं तसा भाचा विचारू लागला, "मामा, एजंट 15 हजारांत स्कोअर वाढवून देतो म्हणतोय. देऊ का?"

खर्च बघ. एजंटला पैसे आगाऊ हवेत. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, चुकीच्या नोंदीची तक्रारही फुकट.

वेळ? तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. एजंटलाही हाच रस्ता. खरी थकबाकी तोही पुसू शकत नाही.

आणि पॅन, ओटीपी परक्याच्या हातात! मला धास्ती याचीच.

नोंद चुकीची असेल तर स्वतः तक्रार कर. थकबाकी खरी असेल तर तेच 15 हजार हप्त्यात भर. एजंट दोन्हीकडे नको.