चिंगीचं बाळंतपण आणि साडेआठ हजारांचं ‘पॅकेज’

आमची चिंगी पॉमेरेनियन जातीची कुत्री, वजन जेमतेम चार किलो. ८ मेला शेजारच्या पॉमशी तिचा संबंध आला, ती तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. माझं माहेर करवीर तालुक्यातलं, म्हशी व्यालेल्या लहानपणापासून बघितल्यात. पण एवढ्याशा जिवाचं पहिलं बाळंतपण म्हटल्यावर पोटात गोळा आला. मंगळवार पेठेत चिंगीचं खाणं घेतो, त्या दुकानात एकाचा नंबर मिळाला. कार्डावर नावाआधी ‘डॉ.’ होतं. पदवी नव्हती, नोंदणी क्रमांक नव्हता. तेव्हा ते माझ्या लक्षातच आलं नाही.

माणूस बोलायला गोड. पोटावरनं हात फिरवून म्हणाला, “पाच हाईत वहिनी, लिहून ठेवा.” पॅकेज साडेआठ हजारांचं: व्यायची पेटी, दिवा, कॅल्शियमचं औषध, आठवड्याला एक ‘ताकदीचं’ इंजेक्शन, आणि त्या रात्री तो स्वतः हजर. साडेसहा हजार फोनवरनं लगेच पाठवले, बाकीचे हातात दिले. पावती मागितली तर “घरच्यासारखं हाय ओ” म्हणाला.

मी एकदा विचारलं, एक्स-रे काढून आणू का? त्यावर तो जवळजवळ ओरडलाच. “अजिबात नको! पिल्लं लुळी होत्यात.” मी घाबरले आणि गप्प बसले. आता कळतंय, सगळी फसवणूक त्या एका वाक्यात होती. एक्स-रेला गेले असते तर खरे डॉक्टर भेटले असते आणि याचं बिंग फुटलं असतं. पंचावन्न दिवसांनंतर काढलेल्या एक्स-रेत पिल्लांची डोकी आणि मणके मोजता येतात, आईच्या कमरेच्या हाडातनं डोकं निघेल की नाही याचाही अंदाज येतो. लहान जातीत डोकं मोठं आणि वाट अरुंद, त्यामुळे हे जास्तच गरजेचं. त्या एका एक्स-रेनं पिल्लं लुळी होत नाहीत.

पेटी म्हणून त्यानं फळांची लाकडी पेटी गुलाबी रंग मारून आणून दिली. आत हात फिरवला तर कोपऱ्यात खिळ्याचं टोक वर आलेलं. मी ते हातोडीनं ठोकून घेतलं, वर जुनं लुगडं अंथरलं. तरीही माझा विश्वास उडाला नाही, याचं आज फार वाईट वाटतं.

८ जुलै, एकसष्टावा दिवस. बाहेर धो धो पाऊस. चिंगीनं सकाळपासून तोंडाला काही लावलं नव्हतं, सारखी लुगडं उकरत होती. रात्री नऊला कळा सुरू झाल्या. त्याला फोन केला. “निघालोय, पाऊस हाय.” साडेनऊला पुन्हा तेच. दहाला फोन बंद. चिंगी अंग ताणून जोर देत होती, पिल्लू काही येईना, आणि लुगड्यावर हिरवट काळा डाग पडला.

फ्रीजच्या दारात त्यानं एक सिरिंज आणि एक काचेची कुपी ठेवली होती. “कळा मंदावल्या तर मांडीत टोचा,” असं सांगून गेलेला. मी कुपी फोडायला हातात घेतली होती. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. “थांब. औषध कशाचं ते तुला ठाव न्हाई, तू टोचू नको.” गोधडीत गुंडाळून चिंगीला रिक्षात घातलं. शाहूपुरीत एका डॉक्टरांनी दार उघडलं.

कुपीवर ऑक्सिटोसिन लिहिलेलं होतं, म्हणजे कळा वाढवायचं औषध. पिल्लू अडलेलं असताना ते दिलं तर गर्भपिशवी फाटू शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं. पिल्लं तीन होती, पहिल्याचं डोकं अडकलेलं. तासाभरात सिझेरियन केलं. पहिलं गेलं, दोन वाचली. पहिल्या पिल्लाआधी हिरवा स्राव म्हणजे वार, पोटात पिल्लाला पोसणारी, सुटायला लागली. जोराच्या कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, किंवा दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त गेले, तर थेट दवाखाना. शेवटच्या आठवड्यात दिवसातनं दोनदा ताप मोजायचा; १०० फॅरनहाइटच्या खाली उतरला की बहुतेक चोवीस तासांत व्याते. घरात साधा थर्मामीटर होता, मला कुणी हे सांगितलंच नव्हतं.

एवढ्यावर संपलं नाही. चौदाव्या दिवशी चिंगी धापा टाकायला लागली, पाय ताठ, सगळं अंग थरथरतंय. रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलेलं. शिरेतनं हळूहळू कॅल्शियम दिलं तेव्हा ती शांत झाली. डॉक्टरांनी विचारलं, पोटात पिल्लं असताना औषध दिलं होतं का? मी रोज चार चमचे देत होते. बाहेरनं कॅल्शियम मिळत राहिलं की शरीर स्वतःच्या हाडांतनं ते काढायला सुस्तावतं, आणि दूध सुरू झालं की एकदम कमी पडतं. लहान कुत्र्यांत हे जास्त होतं. मी प्रेमानं भरवत होते ते तिला घातक ठरत होतं.

पैसे पाठवल्याचे पुरावे आणि कार्ड जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे, नोंदणीशिवाय जनावरांवर असे उपचार करता येत नाहीत. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, खरे डॉक्टर लगेच सांगतात.

तो माणूस अजून फिरतोय. उचगावच्या एका ताईंनी त्याला सहा हजार दिलेत, त्यांची पग पहिलटकरीण. काल तिचा छपन्नावा दिवस होता, मी त्यांना घेऊन एक्स-रेला गेले. काचेवर चार डोकी स्पष्ट दिसली. डॉक्टरांनी सिझेरियनची तयारी ठेवायला सांगितलंय, आणि ताईंनी त्यांचा रात्रीचा नंबर तिथंच फोनमध्ये घातला.